१८८८ च्या लंडनमधला इन्स्पेक्टर बोटांच्या ठशांवरून खुनी पकडू शकेल का?

तुमची कादंबरी १८८८ च्या लंडनमध्ये घडते, व्हाइटचॅपलमध्ये एकामागून एक बायकांचे खून पडताहेत (जॅक द रिपर नावाने गाजलेले, खरेच घडलेले खून) आणि तुमचा इन्स्पेक्टर चाकूच्या मुठीवरच्या ठशांवरून खुन्यापर्यंत पोचतो. हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही चालणार. ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असं सुचवणारं डॉ. हेन्री फॉल्ड्स यांचं पत्र 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात १८८० लाच आलं होतं, पण स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग उघडला १९०१ मध्ये. आपल्याकडे कलकत्त्यात तो १८९७ लाच सुरू झाला होता, आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात तिथल्या पोलिसांतल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. रक्ताचंही तसंच. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणी १९०१ ची. त्यात रिपरच्या बळींपैकी एक, मेरी ॲन निकोल्स, हिचं प्रेत सापडलं त्या बक्स रोच्या शेजारच्याच गल्लीत घोडे कापणारे रात्रपाळीला होते. कपड्यांवर रक्त घेऊन पहाटे कुणी रस्त्याने गेलं, तर त्या वस्तीत त्याचं नवल नव्हतं.

ठसे काढून टाकलेत तर कादंबरीचं नुकसान होणार नाही, उलट ती चांगली होईल. या तपासाचं खरं नाट्य हातात आलेला पुरावा निसटण्यात आहे. निकोल्सचं प्रेत शवागारात नेलं, तर डॉक्टरांनी नीट तपासायच्या आधीच वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या आश्रयघराच्या, दोघांनी कपडे उतरवून ते धुऊन काढलं!

मी तुमच्या जागी असतो तर सगळा भर ३० सप्टेंबरच्या रात्रीवर दिला असता. एकच्या सुमारास बर्नर स्ट्रीटवरच्या एका आवारात एलिझाबेथ स्ट्राइडचं प्रेत सापडलं. पाऊण तासाने मायटर स्क्वेअरमध्ये कॅथरीन एडोजचं. तिथल्या शिपायाचं, वॉटकिन्सचं, गस्तीचं वर्तुळ ठरलेलं, एक फेरी बारा-चौदा मिनिटांची. दीडला तो चौकातून गेला तेव्हा काहीच नव्हतं. पावणेदोनला परत आला, तर कंदिलाच्या झोतात प्रेत. त्याच्याकडे शिट्टीसुद्धा नव्हती. चौकातल्या गोदामाच्या रखवालदाराला त्याने बोलावलं आणि तो रखवालदार स्वतःची शिट्टी फुंकत मदतीसाठी धावला.

आता हद्दीचा घोळ बघा. बर्नर स्ट्रीट मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे, मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांकडे, म्हणजे लंडनच्या मधल्या जुन्या 'सिटी' भागाच्या पोलिसांकडे. दोन्ही दलं वेगळी, दोघांचे कमिशनर वेगळे. एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा मिळाला गोल्स्टन स्ट्रीटवरच्या एका चाळवजा इमारतीच्या दारात, म्हणजे परत मेट्रोपॉलिटनच्या हद्दीत. तिथेच भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. सिटीच्या लोकांना त्याचा फोटो हवा होता, उजाडेपर्यंत थांबा म्हणत होते. पण रविवार होता, थोड्याच वेळात तिथे बाजाराची गर्दी होणार होती. मेट्रोपॉलिटनचे कमिशनर सर चार्ल्स वॉरन स्वतः आले आणि साडेपाचच्या सुमारास ते अक्षर पुसून टाकायला लावलं.

वॉरनला मूर्ख साहेब म्हणून रंगवण्याचा मोह होतो. तो टाळा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याच महिन्यात ॲनी चॅपमनच्या खुनानंतर जमाव ज्यूंवर चवताळून उठला होता, त्यामुळे दंगलीची भीती खरी होती. फोटो मागणाऱ्यांचंही बरोबरच होतं. तुमच्या इन्स्पेक्टरला त्या दारात, दोघांच्या मधे उभा करा. हुकूम वॉरनचा आणि ओल्या फडक्याने भिंत पुसायची पाळी त्याची, असं दाखवलंत तर तो प्रसंग वाचकाला सोडणार नाही.

आधुनिक वाटेल असं काहीतरी तुम्हाला हवंच असेल, तर तेही त्या काळात आहे. नोव्हेंबरमध्ये मेरी जेन केलीच्या खुनानंतर डॉ. थॉमस बाँड यांनी खुन्याच्या स्वभावाचा अंदाज लिहून दिला: अंगात ताकद, डोकं थंड, दिसायला मात्र शांत, निरुपद्रवी, मध्यमवयीन आणि बहुधा नीटनेटक्या कपड्यांतला. ठशांच्या जागी हा कागद इन्स्पेक्टरच्या हातात द्या. त्यानंतर त्याला दारोदार, चार पेन्सला रात्रीपुरती खाट देणाऱ्या लॉजिंग हाउसांमधून हिंडवा. निकोल्सला खुनाच्या रात्री अशाच एका लॉजिंग हाउसमधून बाहेर काढलं होतं, तिच्याकडे हेच चार पेन्स नव्हते म्हणून, आणि तिला शेवटचं पाहिलेली माणसं इन्स्पेक्टरला तिथेच भेटतील.