वाचक विचारतात : मुलांचं खाणं आणि पेशींचं वय

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. लहानपणच्या खाण्याचा पेशींच्या वार्धक्याशी संबंध असतो असं वाचलं. एवढ्याशा मुलीच्या पेशी म्हाताऱ्या कशा होतील?

उत्तर : म्हाताऱ्या होत नाहीत, पण झिजायला लागलेल्या असतात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचा भाग असतो. ‘टीटीएजीजीजी’ ही डीएनएची सहा अक्षरं (म्हणजे डीएनएचे रासायनिक घटक) तिथे हजाराहून जास्त वेळा पुन्हा पुन्हा येतात. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही, त्यामुळे दर विभाजनाला टोक थोडं आखूड होतं. फारच आखूड झालं की पेशी विभागायची थांबते. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण 40 ते 60 विभाजनांनंतर थांबतात, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवलं. टेलोमिअर आणि ते पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) यांवरच्या कामासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं.

मुलांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे तो झिजेचा वेग. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर पहिल्या चारेक वर्षांत सगळ्यात झपाट्याने आखूड होतात, कारण तेव्हा रक्त आणि प्रतिकारशक्ती उभी राहत असते. पुढे वेग मंदावतो. प्रौढपणी वर्षाला साधारण 20 ते 40 अक्षरजोड्या जातात. त्यामुळे चाळिशीतल्या दोन माणसांत जो फरक दिसतो, तो बराचसा जन्मतः किंवा लहानपणीच पडलेला असतो. त्यातला मोठा हिस्सा आनुवंशिक. उरलेल्या हिश्श्यात आहार येतो, आणि तिथेही त्याचं काम टोकं लांबवण्याचं नाही, जादा झीज टाळण्याचं आहे.

ही जादा झीज दोन वाटांनी होते. एक, ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांमुळे होणारी रासायनिक झीज. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘जी’ सगळ्यात सहज ऑक्सिडाइझ होतं आणि टेलोमिअरमध्ये तर तीन ‘जी’ ओळीने येतात. दुसरी, सततचा बारीक दाह (इन्फ्लमेशन), म्हणजे प्रतिकारशक्ती विनाकारण जागी राहणं. वजन फार वाढलेल्या मुलाच्या चरबीतून दाहाचे संदेश रक्तात झिरपत राहतात, पांढऱ्या पेशींना उसंत मिळत नाही आणि त्या जास्त वेळा विभागतात. लठ्ठ मुलांचे टेलोमिअर सरासरीने आखूड असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मात्र हे बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. अपुरी झोप, घरातला सिगारेटचा धूर, घरची ओढाताण हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून ‘अमुक खा, टेलोमिअर वाढवा’ असं कुणी म्हणालं तर सरळ पान उलटा.

प्रश्न : आमच्याकडे कोल्डड्रिंक येत नाही. मुलगा फक्त फळांचा रस पितो. तरी साखरेची काळजी करायची का?

उत्तर : करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार रसातली साखर ‘मुक्त साखर’ धरली जाते, वरून चमचाभरही घातली नसली तरी. अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत, कारण ती तंतूंच्या जाळ्यात असते, हळूहळू उतरते आणि पोटही भरतं.

हिशेब करून बघा. मुलाला दिवसाला 1600 कॅलरी लागतात असं धरू. मुक्त साखर 10 टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे 160 कॅलरी. एका ग्रॅमला 4 कॅलरी, म्हणजे 40 ग्रॅम. संघटनेची जास्त कडक सूचना 5 टक्क्यांची आहे, म्हणजे 20 ग्रॅम. रसात 100 मिलिलिटरला साधारण 10 ग्रॅम साखर असते. 200 मिलिलिटरचा एक पेला घेतला की 20 ग्रॅम झाले, पाच चमचे, आणि कडक मर्यादा सकाळीच संपली.

आता सकाळच्या तयार सीरिअलचा डबा हातात घ्या. ‘प्रति सर्व्हिंग 30 ग्रॅम, साखर 9 ग्रॅम’ असं छापलेलं असतं. पण घरातला वाडगा एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच, 60 ग्रॅम सहज भरतात. म्हणजे 18 ग्रॅम साखर. चूक इथेच होते : आपण सर्व्हिंगचा आकडा वाचतो आणि वाडग्याने खातो. त्यापेक्षा ‘प्रति 100 ग्रॅम’चा रकाना वाचावा. गोड दह्याच्या डब्यावर उलटी फसगत होते. तिथल्या आकड्यातले 100 ग्रॅममागे 4–5 ग्रॅम दुधाच्या स्वतःच्या साखरेचे असतात, ते वजा करावेत.

रस बंदच करा असं नाही. अर्धा पेला, तोही जेवणाबरोबर, तहान भागवायला नाही. तहानेला पाणी.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीने बारीक व्हायचं म्हणून सकाळचं खाणं सोडलंय आणि रात्री फक्त उकडलेल्या भाज्या खाते. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं, असं ती मला ऐकवते.

उत्तर : तिने ऐकलंय ते मुख्यतः पूर्ण वाढ झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल. वाढत्या शरीराला तो नियम लावता येत नाही. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणच्या हाडांतल्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा साठतो. त्या काळात उष्मांक तोडले तर आधी पाळी लांबते, मग बंद होते आणि हाडांतली भर तिथेच अडते.

पेशींच्या बाजूने बघायचं तर फोलेट आणि बी12 ही जीवनसत्त्वं कमी पडणं जास्त गंभीर. डीएनएचं एक अक्षर, ‘टी’, बनवायला फोलेट लागतं. ते नसेल तर त्या जागी ‘यू’ हे एरवी डीएनएत नसणारं अक्षर जाऊन बसतं, दुरुस्ती यंत्रणा ते कापून काढत राहते आणि या कापाकापीत धागाच तुटतो. तिच्या वयाला दिवसाला साधारण 400 मायक्रोग्रॅम फोलेट, 2.4 मायक्रोग्रॅम बी12, 15 मिलिग्रॅम लोह आणि 1300 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नुसत्या उकडलेल्या भाज्यांवर हे जमत नाही. त्यातून उकडलेलं पाणी ओतून दिलं तर बरंचसं फोलेट त्याच्याबरोबर मोरीत जातं. पालेभाजी कमी पाण्यात, झाकण ठेवून, मोजकी मिनिटं शिजवा. डाळी, कडधान्यं, अंडी, दूध जेवणात परत आणा. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला त्याच जेवणात आंबट फळ हवं, आणि चहा-कॉफी तासभर लांब. दूध-अंडीही न खाणाऱ्या घरात बी12 फक्त गोळीतून किंवा वरून बी12 घातलेल्या पदार्थांतूनच मिळेल.

तीन महिने पाळी आली नसेल, किंवा ती जेवणाच्या ताटावरून उठून लगेच बाथरूममध्ये जात असेल, तर आहाराचा सल्ला पुरणार नाही. डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलाची टेलोमिअर चाचणी करून घ्यावी का? अँटिऑक्सिडंट गोळ्यांचं काय?

उत्तर : चाचणी नको. बाजारातल्या बहुतेक चाचण्या ज्या पद्धतीने होतात, तिच्यात एकच नमुना दोनदा तपासला तरी निकालात काही टक्क्यांचा फरक पडतो. वर्षभराची खरी झीज मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय नुकताच ताप येऊन गेला असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं मिश्रण बदलतं आणि सरासरी लांबीही बदललेली दिसते. टेलोमिअरच्या दुर्मिळ आनुवंशिक आजाराचा संशय असेल तेव्हा डॉक्टर वेगळ्या, जास्त अचूक पद्धतीने तपासतात, ती गोष्ट निराळी. आणि लांब टेलोमिअर म्हणजे निव्वळ फायदा, हेही खरं नाही : जन्मतः ते फार लांब असणाऱ्यांत मेलानोमासारख्या (त्वचेचा एक कर्करोग) काही कर्करोगांचा धोका वाढलेला आढळतो.

गोळ्याही नकोत. 1994 आणि 1996 मध्ये निकाल आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या (ऑक्सिडेशन रोखणाऱ्या पदार्थाच्या) गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी प्रौढांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. तेच कॅरोटीन गाजरातून खाण्यात धोका नाही. दहा वर्षांपुढच्या मुलाने दिवसाला 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत, सहा ते नऊ वयात 350. बटाटा यात धरत नाहीत.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, आजवर चिप्स-बिस्किटांवरच वाढला. आता उशीर झाला का?

उत्तर : गेलेली अक्षरं आहारातून भरून येत नाहीत, पण दाह उतरवता येतो आणि तो काही आठवड्यांतच उतरायला लागतो. सगळं एकदम बदलू नका, दोन दिवसांत तो परत चिप्सकडे वळेल. पहिले पंधरा दिवस फक्त गोड पेयं थांबवा. पुढच्या पंधरा दिवसांत संध्याकाळच्या पाकिटाऐवजी मूठभर दाणे आणि एक फळ. त्याबरोबर रोज तासभर घाम येईल असा खेळ आणि आठ तास झोप. झोप अपुरी झाली की भूक वाढते, गोड-तेलकटाची ओढही वाढते, म्हणून रात्री फोन खोलीबाहेर ठेवणं हादेखील आहाराचाच भाग धरा.