क्रूझवरून मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला एकच दिवस मिळणार आहे. किल्ला चढावा की जवळच्या पेरास्ट गावाला जावं?

जहाज सकाळी लागून संध्याकाळी निघणार, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या वेळात तटबंदी चढा, हे माझं सरळ उत्तर. पण त्याआधी एक आग्रह आहे: जहाज कोटोरच्या आखातात शिरताना केबिनमध्ये झोपून राहू नका. मॉन्टेनेग्रोला विमानाने येणाऱ्यांना जे सहसा दिसत नाही, ते तुम्हाला आयतं दिसणार आहे.

हे आखात साधारण २८ किलोमीटर आत जातं. एका नदीची खोल दरी समुद्राने भरून टाकली, त्यातून ते तयार झालं, म्हणून दोन्ही बाजूंना डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि अवाढव्य जहाजंही गावापर्यंत येतात. मध्ये वेरिगे नावाची चिंचोळी खिंड लागते. तिथे सर्वांत अरुंद जागी पाणी जेमतेम ३४० मीटर रुंद आहे. ती ओलांडली की जहाज उजवीकडे वळतं. त्या वेळी डेकच्या डाव्या बाजूला उभे राहा. पेरास्ट आणि त्यासमोरची दोन बेटं तिकडेच दिसतात. त्यातलं एक नैसर्गिक आहे. दुसरं, चर्च असलेलं, खलाशांनी दगड टाकून आणि जुनी जहाजं बुडवून उभं केलंय. दर २२ जुलैला गावकरी अजूनही होड्यांतून दगड नेऊन तिथे टाकतात. पेरास्ट असं पाण्यावरूनच छान पाहून होतं, म्हणून मी त्याला दुसरा क्रम देते.

ही वाट पाहिली की व्हेनिसने १४२० ते १७९७ एवढा काळ कोटोर का धरून ठेवलं ते कळतं. आत यायची वाट एकच आणि पाठीशी खडा डोंगर. तटबंदी त्याच डोंगरावर चढत गेलीय, एकूण सुमारे साडेचार किलोमीटर.

उतरल्यावर १५५५ चा सागरी दरवाजा अगदी समोर असतो. चौकात रेंगाळू नका, आधी चढायला लागा, कारण उन्हाळ्यात दहानंतर दगड तापतात आणि गर्दीही वाढते. वर सेंट जॉनच्या किल्ल्यापर्यंत सुमारे १,३५० पायऱ्या आहेत. गडकोट चढायची सवय असेल तर चढण जड जाणार नाही, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत, तेव्हा पकड असलेले बूट घाला. पाणी खालूनच न्या. गुडघे कुरकुरत असतील तर वाटेतल्या १५१८ च्या चर्चपर्यंत जा. लाल कौलं आणि आखाताचं वळण तिथूनही पूर्ण दिसतं.

खाली आल्यावर ११६६ चं सेंट ट्रायफन कॅथेड्रल पाहाच. पण मला जास्त आवडतं ते ११९५ चं छोटंसं सेंट ल्यूक. १९७९ च्या भूकंपाने गावाची दुर्दशा केली, हे मात्र जवळपास शाबूत राहिलं. आत कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स अशा दोन वेद्या आहेत. एकाच छपराखाली दोन्ही पंथांची प्रार्थना होत असे. तिथे पाच मिनिटं शांत बसा.

देश युरोपीय संघात नाही, तरी चलन युरोच आहे. घड्याळ मात्र जहाजाच्या वेळेवरच ठेवा. ती स्थानिक वेळेपेक्षा वेगळी असू शकते.