हवाई बेटं अमेरिकेने साखरेसाठी घेतली की पर्ल हार्बरसाठी?

हवाईचं राज्य अमेरिकेने मळेवाल्यांसाठी गिळलं की आरमारासाठी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते राणीची गादी साखरेने गेली आणि बेटं आरमारापायी गेली. १८९३ चं बंड आणि १८९८ चं विलीनीकरण एकाच कारणात कोंबलं की हिशेब लागत नाही.

आधी साखर. १८७५ च्या करारामुळे पुढच्या वर्षापासून हवाईची कच्ची साखर अमेरिकेत जकात न भरता जाऊ लागली. तिथला भाव मात्र जकात भरून येणाऱ्या क्यूबाच्या साखरेवर ठरायचा. त्यामुळे पौंडामागे साधारण २ सेंटची जी जकात सरकारने सोडली, ती गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाही. बहुतेक मळेवाल्यांच्या पदरात पडली. पंधरा वर्षांत निर्यात दसपटीच्या आसपास गेली.

ऊस आला की पाण्याची ओढाताण आली, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. माउई बेटावर १८७६ ते ७८ मध्ये हामाकुआ कालवा काढून डोंगराच्या ओल्या अंगाचं पाणी कोरड्या माळावरच्या उसाला नेलं. ओढ्याकाठचे मूळ रहिवासी अळू लावत. त्याचे कंद शिजवून दगडी बत्त्याने कुटायचे आणि पाणी घालून सैल करायचे, की पोई तयार. हेच त्यांचं रोजचं अन्न. हे अळू खाचरात वाढतं, पण त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. प्रवाह बारीक झाला की खाचरातलं पाणी तापतं आणि कंद कुजतो. साम्राज्याचा पहिला फटका बसला तो इथे, राजवाड्याच्या कितीतरी आधी.

१८९० च्या मॅकिन्ले कायद्याने बाजी पलटली. सगळ्याच देशांची कच्ची साखर जकातमुक्त झाली आणि अमेरिकेतल्या उत्पादकाला पौंडाला २ सेंट अनुदान मिळू लागलं. हवाई परदेश, म्हणून अनुदान नाही आणि जुनी सवलतही निरुपयोगी. राणी लिलिउओकलानी नवी राज्यघटना आणू पाहत होती, तेवढं निमित्त साधून तिच्याविरुद्ध बंड उभं राहिलं. १६ जानेवारी १८९३ ला ‘बोस्टन’ या युद्धनौकेवरून १६२ सैनिक उतरले. कारण सांगितलं अमेरिकनांच्या जीविताचं आणि मालमत्तेचं, पण मुक्काम टाकला राजवाडा आणि सरकारी इमारतीच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी राणीने अमेरिकेच्या बळापुढे माघार घेत असल्याचं लेखी नोंदवलं.

साखरेचा युक्तिवाद इथे मात्र तुटतो. १८९४ मध्ये अनुदान गेलं, जकात परतली आणि हवाईची सवलत पुन्हा कामाची झाली. शिवाय अमेरिकेचे कायदे लागू झाले तर करारबद्ध मजूर हातचे जातील, ही धास्ती काही मळेवाल्यांना होतीच. १९०० मध्ये ते करार खरोखरच रद्द झाले.

१८९७ मध्ये बंडानंतरच्या सरकारशी केलेला विलीनीकरणाचा तह अमेरिकेच्या सिनेटपुढे आला. मूळ रहिवाशांनी विरोधात २१ हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या; त्यांची एकूण संख्याच ४० हजारांच्या आसपास होती. चार प्रतिनिधी ते कागद घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि तहाला लागणारं दोन-तृतीयांश बहुमत जमलं नाही. हा विजय अमेरिकेच्या इतिहासात फार कमी सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं.

तो टिकला काही महिनेच. एप्रिल १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं, स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाला निघालेल्या अमेरिकन फौजा होनोलुलूत कोळसा भरू लागल्या आणि पर्ल हार्बरचं महत्त्व एकदम वाढलं. (त्या बंदराचा खास हक्क अमेरिकेने १८८७ मध्येच घेतला होता.) तह संमत होत नाही म्हटल्यावर साध्या बहुमताचा संयुक्त ठराव आणला, ७ जुलैला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेंनी त्यावर सही केली. त्यासोबत राजघराण्याची आणि सरकारी मिळून सुमारे १८ लाख एकर जमीन मोबदल्याशिवाय अमेरिकेकडे गेली. १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बंडाबद्दल माफी मागितली, पण त्याच ठरावात शेवटी लिहून ठेवलं, की यातून अमेरिकेवरचा कोणताही दावा निकाली निघत नाही.