"घरचे बघतील" म्हणू नको, नाव लिही

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. दोन स्लायडर कासवं, एक बॉल पायथन (अजगराच्या जातीतला बिनविषारी साप), तू नोकरीसाठी पुण्याला जायलास आणि आई म्हणायलीय की आपल्यामागं काय होईल असलं काही लिहू नको, अपशकुन असतो. तुलाही वाटायलंय की पंचविशीत कशाला. अरे, नीट सांभाळलं तर स्लायडर 30 वर्षं जगतं, बॉल पायथनही जवळपास तेवढाच. म्हणजे तुझी लेकरं शाळेत जायला लागतील तरी हे घरातच असणार.

म्हणून नाव लिही. एका माणसाचं, ज्यानं तुझ्यामागं ह्यांना सांभाळायला तुझ्या तोंडावर हो म्हणलंय.

परभणीचा माझा दोस्त गेला तेव्हा त्याचा पायथन मागच्या खोलीत होता. मी किती मागं लागलो होतो त्याच्या, तो म्हणायचा घरचे बघतील. डिसेंबरचे दिवस, दुःखाचं घर, कोणीतरी लाइटबिल वाढतंय म्हणून सापाला ऊब देणाऱ्या हीट मॅटचं बटण बंद केलं. साप महिनाभर खाल्ल्याशिवाय राहतो रे, गारठ्यात नाही राहत. पुढं सर्पमित्राला बोलावलं तर त्यानं आपलं अजगर समजून डोंगरात सोडला. आफ्रिकेतला जीव! आजही आठवलं की जीव तुटतो. घरच्यांना काय बोलणार, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

कासवं तळ्यात सोडली की पुण्य लागतं म्हणणारे तुलाही भेटतील. ऐकू नको. स्लायडर अमेरिकेतलं, जगातल्या सगळ्यात घातक 100 परक्या जीवांच्या यादीत आहे ते, आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाची जागा बळकावतं.

आता कागदाचं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. पैसे सापाच्या नावावर ठेवता येत नाहीत, कायद्याला तो मालमत्ता वाटतो, म्हणून सांभाळणाऱ्याच्या नावानं ठेव. पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलीस का? 2024 च्या नियमांनी ती लागते, मालक बदलला तरी कळवावं लागतं, त्या पावतीची झेरॉक्स त्या माणसाकडं आत्ताच दे. (स्टार कासव कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नको, ते वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मधलं, पाळणंच गुन्हा.)

पण मृत्युपत्र उघडेपर्यंत दिवस जातात, म्हणून टँकवर एक कागद चिकटव: कोणाला फोन करायचा, हीटिंग बंद करायचं नाही, पाणी कधी बदलायचं, कासवांना उन्हासारखा उजेड देणारा यूव्हीबी बल्ब शेवटचा कधी बदललास. वर मोठ्या अक्षरात नाव. परत सांगतो, नाव.

माझ्या घरात यावरून अबोला झाला, बायको म्हणाली जित्या माणसानं असलं भिंतीला लावायचं का. मी कागद काढला नाही, काढणारही नाही. माझ्या कासवाला मी आणलंय, ते स्वतःहून आलेलं नाही.

तुझा मावसभाऊ सापाला भीत नाही म्हणलास ना? मग पुण्याला जायच्या आधी रविवारी त्याला बोलव, त्याच्या हातानं चिमट्यात उंदीर धरून खाऊ घालायला लाव, आणि खाल्ल्यावर दोन दिवस सापाला उचलायचं नाही हेही सांग. त्यानं हो म्हणलं की मला कळव, नाही म्हणलं तर त्याच दिवशी फोन कर, दुसरं नाव शोधू.