शेतामागची काळी भिंत

प्रश्न : आमच्या साक्री तालुक्यात माळावरून काळ्या दगडांची सरळ भिंत जाते. आजोबा म्हणायचे, पांडवांनी रचली. शेजारचा टोकदार डोंगर जुना ज्वालामुखी आहे का?

उत्तर : डोंगर ज्वालामुखी नाही, दादा. उतारावरच्या पायऱ्या पाहा. एकावर एक थंड झालेले लाव्हाचे थर आहेत ते. आजूबाजूचे झिजून गेले, हा तुकडा उरला. दख्खनचा बहुतेक लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी शंकूतून नव्हे, जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला.

खरी गंमत तुमच्या भिंतीत आहे. भेगेत अडकून गोठलेला लाव्हा म्हणजे ती भिंत, म्हणजेच डाइक. धुळे-नंदुरबारकडे अशा कितीतरी, बहुतेक पूर्व-पश्चिम. लाव्हा दोन्ही बाजूंच्या गार खडकाला टेकून निवला, आकसला. तडे बाजूंशी काटकोनात पडले. म्हणून दगडी खांब आडवे, सरपणाच्या ढिगासारखे रचलेले दिसतात. पांडवांना श्रेय देणाऱ्यांचं मला नवल वाटत नाही!

विहीर खणायची असेल तर आधी भिंत तपासा. ती अखंड असली तर भूजल अडवते, वरच्या अंगाला पाणी लागण्याची शक्यता जास्त. तडकलेली असली तर पाणी तिच्यातूनच वाहतं. आणि खडीसाठी ती फोडू देऊ नका.