कलम ४ चं काम कुठून सुरू करायचं?

आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय, तर कलम ४ साठी (कंपनीची परिस्थिती समजून घेण्यासाठी) दुसऱ्या कंपनीचा तयार स्वॉट तक्ता (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) मागून आणू नका. मुरलेला ऑडिटर दोन प्रश्नांत ओळखतो.

४.१ साठी, म्हणजे कंपनीवर परिणाम करणारे आतले-बाहेरचे मुद्दे शोधायला, केबिन सोडून शॉप फ्लोअरवर जा. भोसरीतलं मशिनिंगचं युनिट असेल तर मुद्दे समोरच दिसतील: निम्म्याहून जास्त माल चाकणच्या एकाच गिऱ्हाइकाला जातो, हाताखाली तयार झालेला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा सेटर मोठ्या कंपनीत निघून जातो. ‘स्पर्धा वाढली आहे’ असं मोघम लिहिण्यापेक्षा हे लिहा.

४.२ मध्ये, म्हणजे ग्राहक, कामगार, सरकारी यंत्रणा अशा संबंधितांच्या अपेक्षा ठरवण्यात, खरी मेहनत आहे. ‘ग्राहक: दर्जेदार माल’ एवढ्यावर थांबू नका. पीओसोबत (खरेदीच्या ऑर्डरसोबत) आलेलं सप्लायर क्वालिटी मॅन्युअल उघडा. पीपीएपी (पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची कागदपत्रं) कधी द्यायचं, पीपीएमची (दहा लाख नगांमागे सदोष नगांची) मर्यादा किती, तक्रारीला किती तासांत उत्तर द्यायचं, सगळं तिथे असतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या अटीही वाचा. कंत्राटी कामगारांना तर बहुतेक जण विसरतातच, त्यांच्याशी जरूर बोला.

मानकातल्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर हवामान बदल आपल्याला लागू आहे का, हेही ठरवावं लागतं. नुसतं ‘लागू नाही’ चालत नाही, कारण सांगता आलं पाहिजे.

या दोन्ही कलमांत लेखी नोंदीची सक्ती नाही, तरी एक पान ठेवाच. प्रत्येक मुद्द्यापुढे ६.१ (जोखीम आणि संधी) मधली जोखीम आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा, आणि मॅनेजमेंट रिव्ह्यूच्या आधी ते पान मालकांसोबत बसून पुन्हा तपासा.