एसीटीएच दबलेलं असेल, तर स्कॅनवर विसंबू नका

कुशिंग सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त झाल्याचा संशय आला, की आधी स्टिरॉइडची मलमं, सांध्यातली इंजेक्शनं खोदून विचारा. तिथेच बरेच जण फसतात. कॉर्टिसॉल खरंच जास्त आहे हे पक्कं झालं, की सकाळचं एसीटीएच (मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणारं पिट्युटरीचं संप्रेरक) पाहा. रक्ताचा नमुना ईडीटीए नळीत (जिच्यात रक्त गोठत नाही), बर्फावर, लगेच प्रयोगशाळेत. उशीर झाला तर आकडा खोटाच कमी येतो. ५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर दोष अ‍ॅड्रिनलचा. मग सीटी. दोन्हीकडे १ सेंटिमीटरहून मोठ्या गाठी असतील, तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरचं कॉर्टिसॉल तपासा: काहींत ते जेवणानेच चढतं. रुग्ण तरुण आणि सीटी जवळपास नॉर्मल? तिथे थांबू नका. सहा दिवसांच्या डेक्सामेथासोन (कृत्रिम स्टिरॉइड) चाचणीत लघवीतलं कॉर्टिसॉल घटण्याऐवजी ५० टक्क्यांनी वाढलं, तर अ‍ॅड्रिनलमधल्या सूक्ष्मगाठींचा आजार धरा. त्याच्या मागे कार्नी कॉम्प्लेक्स हा आनुवंशिक आजार असू शकतो, म्हणून ओठांवर, पापण्यांवर काळसर ठिपके शोधा आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) कराच; हृदयातला मिक्झोमा (एक गाठ) जिवावर बेततो.